एक जुलैची माणसे आणि आमचा 'बर्थडे वीक'

आमच्या कॉलेजात हल्ली वाढदिवस एका दिवसात मावत नाही. रात्री बारा वाजता मोबाईलवर शुभेच्छांचा पाऊस पडतो, सकाळी स्टेटस झळकतात, दुपारी कँटीनमध्ये केक कापला जातो. त्यातला अर्धा पोटात आणि अर्धा तोंडाला फासण्यात खर्ची पडतो! दुसऱ्या दिवशी वर्ध्यात सिनेमा, तिसऱ्या दिवशी बोर धरण, आणि रविवारी नागपूर. या सगळ्याला 'बर्थडे वीक' असे भारदस्त नाव आहे. मराठीत 'जन्मसप्ताह' म्हणावे तर कोणी टाळ-मृदंग घेऊन यायचे, म्हणून इंग्रजीच बरे!

वडीलधारी मंडळी यावर नाक मुरडतात. "हे साहेबाचे खूळ. आमच्या वेळी नव्हते असले काही," हे वाक्य घरात, बसस्टँडवर, कधी कधी वर्गातही ऐकू येते. गुरुजनांविषयी पूर्ण आदर ठेवून मला म्हणावेसे वाटते की, या वाक्याचा पूर्वार्ध चुकीचा आहे आणि उत्तरार्ध फार खरा आहे. इतका खरा की तो ऐकून वाईट वाटावे.

पूर्वार्ध चुकीचा का? पाटावर बसवून औक्षण करणे, तिथीने वाढदिवस करणे हे आपल्याकडे होतेच. आणि आपल्या वर्धा जिल्ह्याने तर वाढदिवसांना नाके मुरडूच नयेत. गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ चा, तिथीने भाद्रपद वद्य द्वादशीचा. ही तिथी आपली म्हणून नव्हे तर चरख्याची जयंती म्हणून पाळावी, अशी त्यांची इच्छा होती. तिला गुजरातीत 'रेंटिया बारस' असे नावच पडले. तिथी आणि तारीख यांत दिवसांचे अंतर पडते. म्हणजे दोन्ही पाळणाऱ्याचा वाढदिवस एका दिवसात आटोपत नाही! विनोबांची जयंती ११ सप्टेंबरची. आणि १४ एप्रिल आला की जिल्ह्यातल्या वस्त्यावस्त्यांतून बाबासाहेबांची जयंती किती दिवस चालते, हे का सांगायला हवे? निळे झेंडे, व्याख्याने, मिरवणुका. मजुरी करणाऱ्या माणसांनी स्वतःच्या घामाच्या वर्गणीतून केलेला तो सण आहे. तेव्हा आठवडाभर वाढदिवस करणे हे साहेबाकडून शिकण्याची आपल्याला गरज नव्हती.

आता उत्तरार्ध. "आमच्या वेळी नव्हते." खरेच नव्हते, कारण पुष्कळांना स्वतःची जन्मतारीखच नव्हती! माझ्या बाबांची तारीख कागदावर १ जून आहे. आईची १ जुलै. काकांची १ जुलै, आत्याची १ जुलै, आणि शेजारच्या घरातल्या तिघांची १ जून. पोर शाळेत घालायला आणले की मास्तर विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप म्हणायचा, "लिहा ना जी तुमच्या हिशेबानं." मग शाळेच्या सोयीने वय बसेल अशी तारीख दाखलखारीज रजिस्टरात पडायची. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा देशभराचा कायदा १९६९ सालचा आहे. पण घरातच बाळंतीण झालेल्या मजूर बाईचे मूल त्या वहीत पोचायला आणखी किती वर्षे लागली, ते खेड्यातल्या कोणत्याही घरात विचारावे. दरवर्षी १ जून आला की मोबाईलवर 'आज अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस' असा विनोद फिरतो. आम्हीही हसतो. पण त्या विनोदात आमचे आईबाप आहेत.

मी आईला एकदा विचारले, "तुझा खरा जन्म कधीचा?" ती म्हणाली, "मले का मालूम, बाई? कापूस फुटाले लागला होता, येवढंच माय सांगे." आमच्याकडे पोळ्याला बैलाची खांदेमळणी होते, त्याला झूल चढते, पुरणपोळी मिळते. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलालाही मान असतो. सिंदीचा तान्हा पोळा पाहायला तर गावोगावची माणसे जातात. ज्या घरात लाकडाच्या बैलाचाही दिवस ठरलेला, त्या घरात निंदण-वेचणी करणाऱ्या बाईचा मात्र एकही दिवस नाही!

म्हणून माझे म्हणणे असे की, आमच्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलींच्या 'बर्थडे वीक'ला केवळ चंगळ म्हणू नका. आमच्या घराण्यात खरी जन्मतारीख असलेली पहिली पिढी आमची. आपण अमुक दिवशी जन्मलो, त्याची कोणी तरी नोंद केली, आणि त्या दिवशी चार मैत्रिणींना आपली आठवण होते, यात माणूस म्हणून मोजले जाण्याचा आनंद आहे.

फिरण्याचेही तसेच. माझी आई वर्ध्याला आली ती बाजारासाठी, नाही तर सेवाग्रामच्या दवाखान्यात. पाहण्यासाठी म्हणून कधी नाही. आम्ही मुली चौघीजणी एस.टी.त बसून नागपूरला जातो, बर्डीवर हिंडतो, मेट्रोत बसतो, दीक्षाभूमीवर डोके टेकतो, संध्याकाळी परत येतो. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे हे परवडते. पुरुषसोबतीशिवाय गेलो आणि सुखरूप परतलो, हा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. पुढे नोकरीच्या परीक्षेला एकटीने जाणे याच धड्यावर अवलंबून आहे.

मग सगळे छानच आहे का? नाही. खोट एका ठिकाणी आहे, आणि ती केकात नसून वर्गणीत आहे. वर्गात पन्नास जणी, म्हणजे वर्षात पन्नास वाढदिवस. प्रत्येकीला शंभर-दोनशे. कोणी सक्ती करत नाही, पण यादी ग्रुपवर टाकली जाते आणि कोणाच्या नावापुढे खूण नाही ते सर्वांना दिसते. निंदणाला गेल्यावर माझ्या आईला दिवसभराचे तीनशेच्या आत मिळतात. माझी एक मैत्रीण वाढदिवसाच्या दिवशी हमखास आजारी पडते. स्वतःच्या नव्हे, दुसरीच्या! तिला ना ताप असतो ना डोकेदुखी. स्कॉलरशिप यायची असते, एवढेच. ज्या दिवसाने माणसाची मोजदाद व्हायची, त्याच दिवशी एक मुलगी वजा होते. हे मात्र मला सोसवत नाही.

वर्गणी वाईट असे मी म्हणत नाही. २ ऑक्टोबर १९४४ रोजी गांधीजींना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षी २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या होत्या. बांच्या स्मरणार्थ देशभरातून जमलेला निधी त्या वाढदिवशी इथेच, सेवाग्रामला, गांधीजींना अर्पण झाला आणि तो खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्या कामासाठी ठरवण्यात आला. तीही वर्गणीच होती. पण वाढदिवस एकाचा, आठवण दुसरीची आणि उपयोग तिसऱ्यांना! आपल्या आजच्या वर्गणीत वाढदिवसही तिचा, फोटोही तिचा आणि भुर्दंड मात्र आजारी पडणारीला.

यंदा माझ्या आठवड्यात मी वर्गणी काढू दिली नाही. गोरस भांडारातून गोरसपाक आणला, तो पंधरा जणींना पुरला. आणि एका दिवशी आईला घेऊन गोपुरीच्या गीताई मंदिरात गेले. आपल्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती, ही विनोबांच्या मनातली रुखरुख. आई १९१८ सालीच गेली, तरी १९३०-३१ मध्ये त्यांनी गीताई लिहून पूर्ण केली. तिथे ती दगडांवर कोरलेली आहे. माझी आई चौथी शिकलेली. एका दगडापुढे उभी राहून तिने बोट फिरवीत एक ओळ अक्षर-अक्षर लावून वाचली, मग दुसरी. मी घाई केली नाही. नागपूरच्या कोणत्याही सहलीपेक्षा तो तास मोठा होता.

मैत्रिणींनो आणि मित्रांनो, आठवडा साजरा करा, जरूर करा. पण दोन गोष्टी करू या. वर्गणीची यादी ग्रुपवर टाकणे बंद करू. ज्याचा वाढदिवस त्याने ऐपतीप्रमाणे चहा पाजावा. ऐपत नसेल तर नुसत्या शुभेच्छा पुरेत. आणि दुसरे, प्रत्येकाने घरी जाऊन आईला तिचा जन्म विचारावा. कापूस फुटला होता, की पोळा झाला होता, की ज्वारी हुरड्यात आली होती, ती खूण धरून एक दिवस ठरवावा. सरकारी कागद बदलणार नाही, न बदलो. आमच्या घरी दसऱ्यानंतरचा पहिला रविवार ठरला आहे.