गटारातला बाळकृष्ण

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात दोन गोष्टी बाहेर निघतात. माळ्यावरची भांडी आणि माझ्या चुका. भांडी चिंचेने घासली की लखलखतात. चुका मात्र आमच्या सौभाग्यवती दर वर्षी घासतात तरी त्यांचा काळेपणा जात नाही. यंदा त्यांतली एक मी आपण होऊन वाचकांपुढे ठेवणार आहे. सोसायटीतल्या गटारांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारा गृहस्थ असा माझा आमच्या आळीत लौकिक आहे. त्या लौकिकाचा पाया जरा ओला आहे.

गोष्ट २००५ सालची. आमची इमारत पार्ल्याची. फाटकाशेजारी पावसाच्या पाण्याचे गटार आणि त्यावर लोखंडी जाळी. जाळीचे दोन गज तुटलेले. ते बसवण्याचा ठराव दोन सभांत मंजूर झाला होता. २१ जुलैला गुरुपौर्णिमेला आमच्याकडे सत्यनारायण झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी निर्माल्याची पिशवी माझ्या हाती आली. "अहो, एवढं समुद्रावर नेऊन सोडा," असा हुकूम. बाहेर पाऊस, कचेरीची वेळ झालेली. निर्माल्य कचऱ्याच्या पेटीत टाकणे पाप. मग मी ती प्लॅस्टिकची पिशवी गाठ मारून गटाराच्या कडेला ठेवली. पाणी वाहते आहे, शेवटी समुद्रालाच मिळणार, असा शास्त्राधार मी मनाशी जुळवला. पाप टळले आणि बसही मिळाली.

त्याच संध्याकाळी देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण नाहीसा झाल्याचे उघडकीस आले. सारे घर पालथे घातले. शेवटी घरोघर होते तेच झाले. संशय मोलकरणीवर गेला. तिला कोणी स्पष्ट काही बोलले नाही, पण न बोलता पुष्कळ बोलता येते. तिसऱ्या दिवशी ती यायची थांबली.

२६ जुलैचा पाऊस मुंबईकरांना सांगायला नको. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभरसुद्धा नाही! मुंबईची पावसाची जुनी गटारे बांधली ती तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून. तेही समुद्राला ओहोटी असेल तर. भरती असली म्हणजे समुद्र दार लावून घेतो आणि नाल्यांचे पाणी जागच्या जागी चढते. त्या दुपारी नेमकी भरती होती. तेव्हा आमचे गटार आरशासारखे स्वच्छ असते तरी पाणी भरलेच असते, हे खरे आहे. पुढे कित्येक दिवस मी हेच वाक्य स्वतःला ऐकवत होतो.

पण शेजारच्या दोन्ही इमारतींचे पाणी पहाटे ओसरले. आमचे दुपार झाली तरी हटेना. आमच्या तळमजल्यावर एक बाई एकट्याच राहतात. आम्ही सारे त्यांना मावशी म्हणतो. मुलांना पेटी शिकवून त्यांचा चरितार्थ चाले. रात्री आम्ही त्यांना हात धरून वर आणले, पेट्या आणायच्या राहिल्या. त्या रात्रभर आणि वर अर्धा दिवस पाण्यात होत्या. भाते कुजले, पट्ट्या फुगल्या.

दुपारी सफाईवाल्याने जाळी उचलली आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. (गटारातला कचरा मी बरेच वेळा पाहिला होता, त्यात जाणारा हात त्या दिवशी प्रथम पाहिला.) दुधाच्या पिशव्या, करवंट्या, थर्माकोल, एक चप्पल, आणि नळाच्या तोंडात गच्च बसलेली एक गाठीची पिशवी. ती निघाली मात्र, आणि पाणी गडगडत चालू लागले. ओढाताणीत पिशवी फाटली. कुजके झेंडू आणि विड्याची पाने पडली, आणि त्यांतून बाळकृष्ण.

"कोणाचा देव?" त्याने हात वर करून विचारले.

आवारात पंधरावीस माणसे होती. मी बोललो नाही. मावशी पुढे झाल्या. "माझं सगळं गेलं, म्हणून हा आला," असे म्हणून त्यांनी तो पदरात घेतला. आता बोलायला जागाच उरली नाही, असे मला तेव्हा वाटले. जागा होती.

रात्री सौभाग्यवतींना सांगितले. त्या रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट झाले. सकाळी चिखल तुडवीत त्या मोलकरणीच्या घरी गेल्या. ती काही परत कामावर आली नाही. "बाई, तुम्ही आलात, पुरे झालं," एवढेच म्हणाली. मावशींच्या नव्या पेटीसाठी आम्ही वर्गणी काढली. माझा आकडा सर्वांत मोठा होता, त्यामुळे माझ्या औदार्याचा बराच बोलबाला झाला.

तेव्हापासून मेअखेर गटार उपसून घेण्याचे काम माझ्याकडे आहे. गज त्याच महिन्यात बसले. उपसलेला गाळ काठावर राहू दिला तर पहिल्या सरीबरोबर तो पुन्हा आपल्या घरी जातो, हे एका वर्षाच्या अनुभवाने कळले. आता त्याच दिवशी गाडी आल्याशिवाय मी फाटकातून हलत नाही. पाणी तुंबले तरी भर पावसात झाकण मात्र कोणाला उघडू देत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात असल्याच एका उघड्या तोंडात मुंबईतले एक नामवंत डॉक्टर वाहून गेले. निर्माल्यासाठी मागल्या बाजूला विटांचे आळे केले आहे. दोरा आणि प्लॅस्टिक वेगळे काढून फुले त्यात टाकायची. खत मावशींच्या तुळशीला जाते. सरकारने २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. गटारातल्या पिशव्यांच्या वाचनात ती अजून आलेली दिसत नाही.

लक्ष्मीपूजनाला मावशी आम्हां उभयतांना बोलावतात. देव्हाऱ्यात मधोमध बाळकृष्ण असतो. नवा कोणी पाहुणा असला की तो पुरातून कसा आला ते त्या सांगतात, आणि "विचारा यांना, हे तिथंच उभे होते," म्हणून माझी साक्ष काढतात. मी मान हलवतो आणि सौभाग्यवती करंजीकडे बघतात.

दिवाळी अंक मावशी आमच्याकडूनच वाचायला नेतात. हाही नेतील. सौभाग्यवतींनी सांगितले आहे, हे पान दुमडून ठेवा.