फोर बाय फोर इथल्या मातीत तपासून मगच बर्फात न्या

सेकंडहँड थार, जिप्सी, स्कॉर्पिओ नाहीतर गुरखा घ्यायची आणि डिसेंबर-जानेवारीत थेट हिमाचल गाठायचं, असा बेत आपल्याकडे आता बरेच जण आखतात. ऑक्टोबर 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीपलीकडचं सिस्सू हिवाळ्यातही आवाक्यात आलं आहे. बर्फ पडला की पोलीस बोगद्याच्या अलीकडेच गाड्या थांबवतात आणि पुष्कळदा फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. पण तुमच्या गाडीची पुढची चाकं खरोखर ओढतात की नाही, हे तिथे कोणी तपासत नाही. ते तुम्हीच तपासायचं आहे, आणि तेही इथे, निघण्याच्या निदान महिनाभर आधी.

महाराष्ट्रात वापरलेल्या गाडीसाठी मी हे जास्तच कळकळीनं सांगतो. आपल्याकडच्या फोर बाय फोर गाड्या वर्षानुवर्षं डांबरावर टू व्हीलमध्येच धावतात. ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या ट्रान्सफर केसच्या दांडीचे सांधे, पुढचे हब, शिफ्ट मोटर, व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या हे सगळं न वापरताच म्हातारं होतं. दारं-इंजिन झकास असलेल्या गाडीतही हा भाग गंजून बसलेला असू शकतो. त्यातून गाडी कोकणातल्या वाळूत, खाऱ्या पाण्यात खेळवलेली असेल तर खाली वाकून चॅसी आणि हबच्या आसपासचा गंज नीट बघाच.

विकणारा दांडी ओढून दाखवतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि आपण समाधान मानतो. पण दिवा लागला म्हणजे बहुतेक गाड्यांत आत निवड झाली एवढंच कळतं. ताकद चाकापर्यंत पोहोचली की नाही, ते कळत नाही. म्हणून व्यवहार ठरायच्या आधी गाडी मोकळ्या मातीच्या मैदानात न्या. आधी टू व्हीलमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश एक फेरी मारा. मग चाकं सरळ करून फोर हायमध्ये, म्हणजे चारही चाकं ओढणाऱ्या नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये टाका आणि तीच फेरी पुन्हा मारा. आता गाडी जड चालली पाहिजे, स्टिअरिंग ताठ वाटलं पाहिजे, चाकं माती खरवडत वळली पाहिजेत. दोन्ही फेऱ्या सारख्याच वाटल्या, तर पुढचा भाग जोडला गेलेला नाही असंच धरून चाला.

ही परीक्षा कोरड्या डांबरावर कधीच घेऊ नका. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांच्या दरम्यान डिफरन्शियल नसतो, त्यामुळे फोर हायमध्ये दोन्हीकडचे शाफ्ट एकाच वेगानं फिरतात. मातीत चाकं घसरून तो फरक भरून काढतात. डांबरावर घसरायला जागा नसते आणि सगळा पीळ ट्रान्सफर केसवर येतो.

फोर व्हील लागत नाही असं दिसलं, तर दोष कुठे आहे हे शोधायची एक साधी रीत आहे. दांडीनं गिअर पडणाऱ्या आणि हब हातानं लॉक करायच्या गाड्यांना ती लागू पडते. सपाट, टणक जागेवर इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. हब लॉक करा, फोर हाय लावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. आता पुढचं एकच चाक जॅकवर उचला, चॅसीखाली स्टँड द्या आणि चाक हातानं फिरवून बघा. थोडीशी ढिलाई सोडली तर ते फिरता कामा नये. फिरत असेल, तर बाजूनं पुढच्या प्रोपेलर शाफ्टकडे नजर टाका. त्यासाठी गाडीखाली शिरू नका. चाकाबरोबर शाफ्टही फिरतो आहे? मग हब ठीक आहे, बिघाड ट्रान्सफर केसमध्ये किंवा दांडीच्या जोडणीत आहे. चाक फिरतं पण शाफ्ट जागेवरच आहे? मग हबकडे बघा, नाहीतर ॲक्सल तुटला असेल. गॅरेजमध्ये शिरताना एवढं सांगता आलं, तर ‘अख्खी ट्रान्सफर केस खोलावी लागेल’ हे ऐकून घाबरायची वेळ येत नाही. आणि हब हा त्या मानानं पुष्कळ लहान खर्च आहे.

व्हॅक्यूमवर चालणारे हब असतील, तर इंजिन चालू ठेवून नळ्यांपाशी फुसफुस ऐकू येते का बघा, कारण रबर वाळून चिरतं. बटणानं फोर व्हील लागणाऱ्या गाडीत दिवा नुसताच लुकलुकत राहिला, तर आधी बॅटरी, फ्यूज आणि मोटरच्या कनेक्टरवरचा गंज बघा.

तेलाकडे कानाडोळा करू नका. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. कुठलं तेल घालायचं ते गाडीच्या पुस्तिकेत वाचूनच ठरवा, कारण काही ट्रान्सफर केसना गिअर ऑइल लागतं, काहींना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. पूर्ण वळणावर पुढून कटकट आवाज आला तर सीव्ही जॉइंट आणि त्याचं रबरी बूट तपासा.

चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत. दोन नवे, दोन गुळगुळीत ही काटकसर फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केसच्या मुळावर येते. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगा: फोर व्हील गाडी पुढे काढायला मदत करते, थांबायला नाही. काळ्या, पारदर्शक बर्फावर ब्रेक लावला की सगळी भिस्त टायरवर असते. म्हणून टायरच्या मापाच्या चेन घ्या आणि त्या घरीच एकदा चढवून-उतरवून बघा. डिझेल गाडी असेल तर टाकीत इथलं डिझेल शिल्लक ठेवून स्पितीच्या कडाक्यात शिरू नका, ते घट्ट होऊन फिल्टर तुंबतो. पंपावर हिवाळी डिझेल मिळतं का, ते वर चढण्याआधीच विचारा.

बर्फातून अटल बोगद्याच्या तोंडाशी आलात की आत नऊ किलोमीटर कोरडा रस्ता आहे. शिरण्याआधीच गाडी टू व्हीलमध्ये घ्या. दांडी अडकली तर हिसके देऊ नका. मागे कोणी नाही हे बघून चाकं सरळ ठेवा, गाडी दोन-चार फूट रिव्हर्स घ्या आणि क्लच दाबून दांडी पुन्हा हलवा. पीळ सुटला की ती सहज निघते.