सांभाळून घेणे

परवा रात्री भाच्याचा फोन आला. सुप्याच्या एमआयडीसीत एका छोट्या ऑफिसात नोकरीला लागून त्याला चार महिने झालेत. ऑफिस म्हणजे पाच माणसं, दोन खोल्या आणि एक चहावाला पोरगा. सुरुवातीला इकडचं तिकडचं बोलला, पाऊस झाला का, आईचे गुडघे कसे आहेत वगैरे. मग मुद्द्यावर आला.

"मामा, आमच्याकडे एक जण आहेत. वयानं मोठे आहेत, माणूस चांगला आहे, पण कामातलं काही म्हणजे काही येत नाही. त्यांनी केलेली बिलं रोज संध्याकाळी मलाच बसून नीट करावी लागतात. करू काय?"

मी पटकन म्हणून गेलो, "सांभाळून घे रे, मोठे आहेत."

फोन ठेवला आणि माझी मलाच लाज वाटली. कारण हाच सल्ला मला माझ्या पहिल्या नोकरीत मिळाला होता, मी तो दोन वर्षं मनापासून पाळला होता, आणि त्याची किंमत तिसऱ्याच माणसानं मोजली होती. घरच्यांना ही गोष्ट अर्धीमुर्धी माहीत आहे. आज पूर्ण सांगतो.

साल २००७. राहुरी तालुक्यातल्या एका गावात पतसंस्थेच्या शाखेत मी लागलो. शाखाधिकारी, कॅशियर, मी आणि आप्पा असे आम्ही चौघं. (आप्पा हे नाव मी दिलेलं आहे. खरं नाव सांगत नाही.) आप्पा पन्नाशीकडे झुकलेले. त्याआधी चौदा वर्षं त्यांनी गावात पिग्मी गोळा केली होती, आधी सायकलवर आणि नंतर लुनावर. त्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कोणाचा कांदा कोणत्या दिवशी मार्केटला गेला, कोणाच्या उसाला तोड आली, कोणाच्या घरी पाहुणे आलेत, सगळं तोंडपाठ. त्यामुळे कोणाकडे आज पैसे मागायचे आणि कोणाच्या दारावरून गुपचूप पुढं जायचं हे त्यांना बरोबर कळायचं.

एवढं चांगलं काम केल्याचं बक्षीस म्हणून संचालक मंडळानं त्यांना बढती दिली. लुना सुटली आणि आप्पा काउंटरवर कॉम्प्युटरसमोर येऊन बसले. प्रशिक्षण किती, तर सॉफ्टवेअरवाल्या पोरानं एका दुपारी दाखवलं तेवढं. लॉरेन्स पीटर नावाच्या माणसानं १९६९ साली रेमंड हल यांच्याबरोबर एक पुस्तक लिहिलं, 'द पीटर प्रिन्सिपल' नावाचं. त्यातला मुद्दा असा की, नोकरीत माणूस चांगलं काम करत राहिला की वर चढत जातो, आणि जे काम त्याला जमत नाही तिथं पोचला की थांबतो. मग उरलेली नोकरी तो तिथंच काढतो. मला हे पुस्तक फार नंतर कळलं. कळलं तेव्हा पहिल्यांदा आप्पाच डोळ्यांसमोर आले.

आप्पांच्या चुका मोठ्या नसायच्या. तारीख चुकायची, मुदत ठेवीचा कालावधी चुकायचा, एक शून्य कमी पडायचं. सगळ्यात जास्त व्हायचं ते म्हणजे एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर जाणं. आपल्याकडे गावात आडनावं पाच-सहाच. त्यात निम्मे बाबासाहेब आणि निम्मे भाऊसाहेब. नाव टाकलं की स्क्रीनवर सात जण यायचे. आप्पा चष्मा वर-खाली करायचे आणि त्यातला बहुधा पहिला निवडायचे.

ज्यांना हिशेबाचं काम माहीत आहे त्यांच्या लक्षात येईल की ही चूक फार घातकी आहे. जमा रक्कम बरोबर असते, फक्त खातं चुकलेलं असतं. त्यामुळे रोजकीर्द जुळते, कॅश जुळते, तेरीजही जुळते. संध्याकाळी सगळे आकडे बरोबर आले की शाखाधिकारी खूश, आणि आत मात्र कोणाचे तरी पैसे भलत्याच्याच नावावर जाऊन बसलेले. व्हाउचर आणि खातं एकेक करून ताडून पाहिलं तरच ती चूक सापडते.

हे ताडून पाहण्याचं काम मी करू लागलो. मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा चूक सापडली तेव्हा शाखाधिकाऱ्यांना दाखवली, तर ते म्हणाले, "सांभाळून घ्या हो, जुने आहेत, बायका-पोरांचा माणूस आहे." मग रोज साडेपाचला मी दिवसभराची व्हाउचरं घेऊन बसायचो, चुका शोधायचो आणि गुपचूप दुरुस्त करायचो. आप्पा तोवर घरी गेलेले असायचे.

अजून एक गोष्ट कबूल करतो. सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय होती की एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं ती पाहून मंजूर करायची, तेव्हाच ती खरी धरली जायची. एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला दिसावं म्हणून बँकांमध्ये ही पद्धत असते. पण चार माणसांच्या ऑफिसात गर्दीच्या वेळी कोण कोणाकडे पाहणार? माझा पासवर्ड मी एका चिठ्ठीवर लिहून आप्पांच्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता. आप्पा स्वतःच नोंद करायचे आणि माझ्या नावानं स्वतःच मंजूर करायचे. संध्याकाळी आपण बघतोच आहोत, असा माझा हिशेब.

या सगळ्यात मला स्वतःबद्दल फार बरं वाटायचं हे लपवत नाही. आपण किती समजूतदार, आपल्याशिवाय शाखा चालणार नाही, असं काहीतरी. घरी जेवताना आप्पांचे किस्से सांगून सगळ्यांना हसवायचो, ते वेगळंच.

पुढच्या वर्षी बहिणीचं लग्न निघालं आणि मी आठ दिवस रजेवर गेलो. त्या आठ दिवसांत संध्याकाळी व्हाउचरं कोणी ताडली नाहीत. ताडायची असतात हे मी सोडून कोणाला माहीतच नव्हतं.

त्याच आठवड्यात एका आजींचं उसाचं पेमेंट जमा झालं, अडतीस हजार रुपये. ते गेलं दुसऱ्याच बाईंच्या खात्यावर. नाव तेच, आडनाव तेच, वस्तीही तीच, फक्त नवऱ्याचं नाव वेगळं. त्या बाईंच्या मुलाला वाटलं, कारखान्याचा राहिलेला हप्ता आला असेल. त्यानं पैसे काढले आणि मोटारीच्या दुरुस्तीला आणि बियाण्याला घालून टाकले. त्याची चूक नाही. खात्यावर दिसले म्हणून काढले.

मी कामावर आलो त्या दिवशी सकाळी आजी काउंटरवर उभ्या होत्या. मालक दवाखान्यात, ऑपरेशनसाठी पैसे भरायचे होते. त्यांच्या खात्यावर चारशे बारा रुपये होते. त्या आरडाओरडा करत नव्हत्या. कारखान्याच्या पेमेंटची चिठ्ठी पुढं धरून फक्त एवढंच म्हणत होत्या, "नीट बघा ना बाळा, असतील."

चूक शोधायला मला वीस मिनिटं लागली. पैसे परत मिळायला अडीच महिने लागले. शाखाधिकारी म्हणाले, मंडळाच्या मंजुरीशिवाय संस्थेतून रक्कम देता येणार नाही. मंडळाची बैठक महिनाअखेरीला. आजींनी गळ्यातली पोत सोनाराकडे ठेवून दवाखान्याचे पैसे भरले. ऑपरेशन झालं, मालक बरे होऊन घरी आले, एवढं नशीब. पण त्या दोन घरांत त्यानंतर जे वाजलं ते वाजलंच. एका विहिरीवर पाळी असलेली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण अनेकांना ती माहीत नसते. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं. २०२० पासून ते पाच लाख रुपयांपर्यंत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आपल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला तेव्हा निदान त्या विम्याचा आधार होता. पतसंस्था ही बँक नव्हे. ती १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली चालते आणि तिच्या ठेवींना तो विमा नाही. म्हणजे आजींच्या पैशाला संरक्षण काय होतं? तर काउंटरवरचे आप्पा, आणि आप्पांवर लक्ष ठेवणारा मी. बस.

मग चौकशी झाली. मंडळ आप्पांना काढायला निघालं. मी धीर करून सांगितलं की या चुका दोन वर्षांपासून होत आहेत, मी त्या दुरुस्त करतो आहे. मला वाटलं, माझं कौतुक होईल. एका संचालकांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

पण खरं लागलं ते आप्पांचं बोलणं. बाहेर लिंबाखाली आम्ही दोघंच होतो. त्यांना राग आला नव्हता. ते म्हणाले, "दोन वर्षं तू माझं लिहिलेलं खोडत होतास. मला एकदा तरी दाखवायचंस. मला वाटत होतं, मला आता जमायला लागलंय."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याच्या चुका रोज संध्याकाळी नाहीशा होतात त्यानं शिकायचं कशावरून? मी त्यांना सांभाळत होतो असं मला वाटत होतं. खरं तर मी त्यांना अवघड बोलण्याचा प्रसंग टाळत होतो, आणि त्याला भलेपणाचं नाव देत होतो.

तेव्हापासून मी कामात कच्च्या माणसांचे तीन प्रकार मानतो. एक, ज्याला येत नाही. दुसरा, ज्याला शिकवूनही जमत नाही. आणि तिसरा, जो करत नाही. आपण सरसकट तिघांनाही एकतर शिव्या देतो नाहीतर सांभाळून घेतो. येत नाही त्याला शिकवायचं असतं, जमत नाही त्याला दुसरं काम द्यायचं असतं आणि करत नाही त्याला जाब विचारायचा असतो. तिसऱ्यासाठी निदान सरकारी ऑफिसात कायदा आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी ज्यांसाठी आंदोलनं केली त्यांतला एक म्हणजे २००५ चा बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा कायदा. कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये, असं त्यात लिहिलंय. त्यानंतर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आला, त्यात दंडही आहे, पाचशेपासून पाच हजारांपर्यंत. चांगलंच आहे. पण हे कायदे उशीर मोजतात. आप्पांनी कधी उशीर केला नाही. ते दहाला पाच कमी असताना हजर असायचे आणि झटपट चुकीचं काम करायचे. त्यावर कायदा काय करणार? तिथं शेजारच्या टेबलावरच्या माणसानंच बोलायला हवं.

आता कोणी म्हणेल, छोट्या ऑफिसात बोलणं सोपं नसतं. कबूल. रोज एकाच डब्यातली भाकरी खायची, त्यांच्या मुलीच्या लग्नात वाढपी म्हणून उभं राहायचं आणि त्यांनाच सांगायचं की तुमचं चुकतंय. मोठ्या ऑफिसात निदान दुसरा विभाग असतो, तिथं बदली होते. चार माणसांत माणूस जाणार कुठं? शिवाय नोकरी गेली तर त्या घराचं काय, हा प्रश्न खोटा नसतो. म्हणूनच मी म्हणतो, लवकर बोला. पहिल्या महिन्यात सांगितलेली चूक ही चूकच असते. दोन वर्षांनी सांगितली की तो आरोप होतो, आणि तोवर नोकरी वाचवण्याचे मार्गही संपलेले असतात.

आप्पांची नोकरी राहिली. त्यांना वसुलीला दिलं आणि ते पुन्हा गाडीवर बसले. थकबाकीदाराच्या ओसरीवर बसून त्याला न दुखावता हप्ता काढणं हे त्यांनाच जमायचं. पावती पुस्तकात मात्र शेवटपर्यंत चुका करायचे. फरक एवढाच की आता मी पुस्तक त्यांच्यासमोर ठेवायचो आणि दुरुस्ती त्यांच्याच हातानं करून घ्यायचो. त्यातच एकदा माझ्या दोन चुका त्यांनी मला दाखवल्या. चिठ्ठीवरचा पासवर्ड मी त्याच दिवशी फाडला होता, हे वेगळं सांगायला नको.

तर आज सकाळी भाच्याला परत फोन केला. म्हटलं, काल सांगितलेलं विसर. उद्याच बिल त्यांच्यासमोर ठेव. बाकीचे चहाला गेले असताना, एकटे असताना. "काका, हे बघा ना, इथं आकडा चुकलाय," एवढंच म्हण आणि पेन त्यांच्या हातात दे. तू दुरुस्त करू नकोस. एका वहीत तारखा लिहून ठेव, तक्रारीसाठी नाही, सुधारतंय की नाही ते कळावं म्हणून. महिनाभरात फरक पडला नाही तर साहेबांकडे जा, पण आधी त्यांना सांगून जा. आणि हो, चूक त्यांचीच आहे ना हे आधी दोनदा बघ.

"आणि त्यांना वाईट वाटलं तर?" भाच्यानं विचारलं.

वाटेल, म्हटलं. त्यांना थोडं आणि तुला जरा जास्त.

आप्पा आता निवृत्त आहेत. मागच्या दिवाळीत राहुरीच्या बाजारात भेटले. हातात भाजीची पिशवी, चष्मा अजून नाकाच्या शेंड्यावर. पाया पडलो तर म्हणाले, "काय रे, अजून संध्याकाळी लोकांच्या चुका काढत बसतोस का?" म्हटलं, आता दिवसाच काढतो, समोर बसवून. हसले आणि सीताफळवाल्याशी घासाघीस करायला लागले.

तुमच्या ऑफिसातही असे कोणी असतील. किंवा, कोण जाणे, आपणच ते असू आणि संध्याकाळी आपलं कोणीतरी गुपचूप नीट करत असेल. तुमचा अनुभव काय, जरूर कळवा.