एका स्वप्नाचा शोक आणि त्याची मालकी

राजकारणाला हात घालणारी कलाकृती कुठे उणी पडली, की समीक्षक मंडळी मोठ्या उत्साहाने राजकारणालाच जबाबदार धरतात. ‘पिंक फ्लॉइड’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाच्या ‘द फायनल कट’ या ध्वनिमुद्रिकेच्या वाट्याला नेमके हेच आले. मार्च १९८३ मध्ये ती निघाली, तेव्हा ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत तिने पहिला क्रमांक पटकावला. तरीही चाळीस वर्षे उलटून गेल्यावरसुद्धा तिचे नाव निघताच चाहत्यांत दोन तट पडतात. एका तटाच्या मते ती युद्धविरोधी कलेतील श्रेष्ठ कृती आहे. दुसऱ्याच्या मते ते संगीतच नव्हे, चालीवर म्हटलेले पत्रक आहे. या भांडणात मूळ प्रश्न मात्र बाजूलाच राहतो.

ही ध्वनिमुद्रिका कोठून आली, हे आधी पाहिले पाहिजे. तिचा कर्ता रॉजर वॉटर्स हा पाच महिन्यांचा असताना त्याचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स इटलीतील अँझिओच्या रणभूमीवर ठार झाले. तो फेब्रुवारी १९४४ चा काळ. हा शाळामास्तर प्रथम युद्धाला नैतिक विरोध करणारा. सैन्यात जाण्याऐवजी त्याने रुग्णवाहिका चालवली. पुढे कम्युनिस्ट विचारांकडे वळल्यावर फॅसिझमशी लढणे हेच कर्तव्य, असे मानून तो स्वेच्छेने रणांगणावर गेला. अशा लक्षावधींच्या मरणाच्या बदल्यात ब्रिटिश जनतेला एक वचन मिळाले होते. १९४२ चा बेव्हरिज अहवाल, १९४५ चे मजूर सरकार, १९४८ ची राष्ट्रीय आरोग्यसेवा ही त्या वचनाची दृश्य रूपे. ध्वनिमुद्रिकेच्या उपशीर्षकात ज्या ‘युद्धोत्तर स्वप्ना’चा शोक आहे, ते स्वप्न हेच.

१९८२ मध्ये त्या वचनाची काय दशा होती? बेकारांची संख्या तीस लाखांवर गेलेली, क्लाइड नदीकाठचे जहाजबांधणीचे कारखाने ओस पडू लागलेले. त्याच वर्षी २ एप्रिलला अर्जेंटिनाच्या लष्करशहांनी फॉकलंड बेटांवर सैन्य उतरवले आणि थॅचरबाईंना हवा तसा शत्रू आयता मिळाला. २ मे रोजी ‘जनरल बेल्ग्रानो’ ही युद्धनौका बुडवण्यात आली. तिच्यावरील ३२३ जण मेले. जूनच्या मध्याला युद्ध थांबले, तेव्हा २५५ ब्रिटिश आणि ६४९ अर्जेंटिनी सैनिक प्राणांस मुकले होते. ‘द वॉल’ चित्रपटाची पुरवणी म्हणून योजलेल्या या ध्वनिमुद्रिकेचा रोख या युद्धाने बदलला. तिच्यातील एका गीतात जगभरच्या सत्ताधीशांना असाध्य रोग्यांच्या आश्रमात भरती केले आहे. त्यात रेगन आणि थॅचर आहेत, बेगिन आहेत आणि ब्रेझनेव्हही आहेत. अफगाणिस्तानाचा प्रश्न निघाला की घसा खाकरणाऱ्या डाव्या मित्रांनी हे गीत दोनदा ऐकावे.

अमेरिकेतील ‘रोलिंग स्टोन’ने या कृतीला पाच तारे देऊन मस्तकी धरले, मायदेशातील ‘मेलडी मेकर’ने तिची यथेच्छ नालस्ती केली. जून १९८३ मध्ये त्याच ब्रिटनने थॅचरबाईंना ३९७ जागा बहाल केल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे युद्धाच्या गौरवाला नख लावणारे सूर तेथे किती अवेळी उमटले, याची कल्पना येते.

परंतु सगळा दोष काळावर ढकलून चालणार नाही. सामान्य चाहत्याची तक्रार साधी होती: गिलमोरची गिटार कुठे आहे? राइटचे वाद्य कुठे आहे? समीक्षकांनी ही तक्रार भाबडी ठरवली. वस्तुतः या चाहत्याच्या कानाने जे हेरले, ते भल्याभल्या टीकाकारांना हेरता आले नाही. रिचर्ड राइट या संस्थापक सदस्याला ‘द वॉल’च्या निर्मितीच्या वेळीच वाद्यवृंदातून काढण्यात आले होते, नंतरच्या जाहीर प्रयोगांत तो पगारी नोकर म्हणून वाजवत होता. ‘द फायनल कट’मध्ये तो नाहीच. डेव्हिड गिलमोरला एका गीतापुरता मुख्य गायकाचा वाटा मिळाला. ‘द वॉल’च्या वेळी बाजूला ठेवलेली गीते आता कशी चालतात, असा त्याचा सवाल होता, भांडण इतके विकोपाला गेले, की निर्मात्यांच्या यादीतून त्याचे नाव गळले. निक मेसन हा संस्थापक ढोलवादक, पण शेवटच्या गीतात ढोल दुसऱ्याच वादकाने वाजवला. वेष्टनावर तर स्पष्टच छापले आहे, की कृती रॉजर वॉटर्स यांची आणि सादरकर्ते पिंक फ्लॉइड.

सामूहिक स्वप्नाच्या मृत्यूवर शोक करणारी ही कृती अशा रीतीने एका माणसाची खासगी मालमत्ता झाली. समतेची भाषा बोलणाऱ्या संघटनेत सहकाऱ्यांचे नोकर कसे होतात, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना हा प्रकार अनोळखी वाटू नये.

या एकाधिकाराची खूण गीतांतही उमटली आहे. विमानातून कोसळणारा तोफची मरणाच्या क्षणी अन्न, निवारा आणि निर्भय जगण्याचे स्वप्न पाहतो, ते गीत अंतःकरण हलवते. मात्र जिवंत कामगार जेथे बोलतो, त्या ‘नॉट नाउ जॉन’मध्ये तो शिवराळ आणि देशाभिमानाने फुगलेला दिसतो. मेलेल्या सैनिकासाठी करुणा आणि कारखान्यातल्या माणसासाठी उपहास, अशी ही वाटणी आहे. तालमीच्या खोलीत बरोबरीने बोलणारा कोणी उरला असता, तर कदाचित याला हरकत घेतली गेली असती.

१९८५ मध्ये वॉटर्स बाहेर पडला आणि वाद्यवृंद संपल्याचे त्याने गृहीत धरले. उरलेल्यांनी ते मानले नाही. नावाच्या हक्कासाठी प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि १९८७ च्या अखेरीस तडजोड झाली. नाव उरलेल्यांकडे राहिले. २ जुलै २००५ रोजी दारिद्र्यनिर्मूलनाच्या मागणीसाठी लंडनच्या हाइड पार्कमध्ये चौघे पुन्हा एकत्र उभे राहिले. राइटही होता. चौघांनी मिळून जुनी गीते वाजवली. त्यांत ‘द फायनल कट’मधले एकही नव्हते.