रकाना नाही!

दोस्तहो, मी खांदा कॉलनीत राहतो. शिक्षण मॅट्रिक. न्हावा शेवा बंदराच्या यार्डात ठेकेदाराकडे कंटेनर भरायचे, रिकामे करायचे हा धंदा, आणि रात्री कविता. असल्या माणसानं 'मूल्यमापन सल्लागार' नावाच्या विद्वान प्राण्यावर लिहावं हे काहींना खटकेल. खटकू द्या. त्या कामात माझाही हात काळा झालाय, म्हणून लिहितोय.

२२ जुलै २०२१. महाडात सावित्रीचं पाणी घराघरांत शिरलं. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली, ऐंशीच्या वर माणसं गेली. पुढं काही महिन्यांनी एका मदत संस्थेनं आपली मदत नियमात बसली का हे तपासायला सल्लागार नेमला. सल्लागाराला फॉर्म भरणारी पोरं लागतात. यार्डात काम नव्हतं. रोजावर मी गेलो.

तपासणीची फूटपट्टी बाहेरून आलेली. तिचं नाव स्फिअर. १९९४ साली रवांडात कत्तल झाली, पळालेली माणसं छावण्यांत कॉलऱ्यानं हजारोंनी मेली. तिथं मदत संस्थांची रेटारेटी होती, पण हिशेब कुणालाच नव्हता. म्हणून १९९७ पासून या संस्थांनी आणि रेडक्रॉसवाल्यांनी किमान मानकं लिहायला घेतली. त्यात पाणी माणशी रोज १५ लिटर. डोक्यावर छप्पर माणशी साडेतीन चौरस मीटर. २० माणसांमागं १ संडास. पाणी ५०० मीटरच्या आत. आपल्याकडं २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम १२ हेच सांगतं, आणि त्याखाली २०१६ साली सरकारी मानकं निघाली. छप्पर तेवढंच, पण संडास ३० माणसांमागं १. जगाच्या पुस्तकात वीस, आमच्या सरकारात तीस. आमची पोटं बहुधा जास्त दम धरतात!

आपल्यातले काही गडी म्हणतील, फेकून द्या ही गोऱ्यांची वही. मी म्हणतो, नका फेकू. आकडा हातात नसला की मदत भीक होते, आणि भिकेला माप विचारता येत नाही. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर कोसळला. वाचलेल्या ठाकरांना चौकला कंटेनरात ठेवलं. मी हे डबे रोज आतून झाडतो. २० फुटी डब्यात साडेतीन मीटरच्या हिशेबानं जेमतेम ४ माणसं बसतात. पाचवं माणूस आलं की मला विचारता येतं, कुठल्या नियमानं? हे विचारायचं बळ त्या आकड्यानं दिलं. आकडा आपला वैरी नाही. वैरी आहे ती सरासरी.

आता माझं पाप ऐका. गावाचं नाव सांगत नाही. ३०० माणसांना टँकरचं पाणी. वरच्या आळीची २०० माणसं, माणशी १८ लिटर. बुद्धवाड्यातली १०० माणसं, माणशी ९ लिटर. बेरीज ४,५००. भागिले ३००. उत्तर १५! एकदम नियमात. मी माझ्या हातानं हिरवी खूण केली. ज्या वाड्याला निम्मंच पाणी मिळालं, तो वाडा माझ्या भागाकारात बुडाला. पुराच्या पाण्यात वाचला होता.

वाड्यातली एक आजी म्हणाली, "लिहून घे रं बाबा. पानी मिळालं, पन समद्यांच्या मागनं मिळालं. टाकी तळाला गेल्यावर."

मी म्हणालो, "आजी, त्याला रकाना नाही."

ती काही बोलली नाही. हंडा उचलून आत गेली. मी तिच्याच जातीचा, तिच्याच निळ्या झेंड्याखालचा, रोजाच्या पैशासाठी तिला रकाना नाही म्हणून आलो.

सल्लागार बाई वाईट नव्हत्या. उन्हातान्हात फिरल्या, आमच्याबरोबर वडापाव खाल्ला. पण फॉर्म त्यांच्या आधीच ठरलेला. स्फिअरचं २०१८ चं पुस्तक सांगतं, आकडे किमान लिंग, वय आणि अपंगत्वानुसार फोडा. त्या किमान यादीत जात नाही. आणि बाईंना फी देणार कोण? जिची तपासणी, तीच संस्था! आमच्या यार्डात मुकादमच टॅली क्लार्क झाला, तर एक पेटी तरी कमी भरेल का?

हे आजचं नाही. १९२३ साली बोल्यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं. कुठं? कागदावर. तेव्हा कुणी मूल्यमापन केलं असतं तर हिरवी खूणच पडली असती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा कागद खोटा पडला. आणि किल्लारी? ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सुमारे ८ हजार माणसं मेली. जागतिक बँकेच्या पैशानं गावं नव्यानं उठवली. भूमिहीनाला घर २५० चौरस फुटांचं, मोठ्या जमीनदाराला ७५०. भूकंपानं सगळ्यांना एका मातीत गाडलं, पुनर्वसनानं पुन्हा ज्याची त्याची पायरी मोजून दिली.

म्हणून मागणं सरळ आहे. सरासरी बंद करा. आकडा वस्तीवार लिहा आणि माणसानं स्वतः सांगितलेली जात लिहा. कुणाला आधी, कुणाला शेवटी, याचा रकाना काढा. सल्लागार नेमताना बुद्धवाड्यातली, ठाकरवाडीतली माणसं निवड समितीत बसवा. अहवाल मराठीत वाड्यात मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय फीचा शेवटचा हप्ता देऊ नका. त्याच २००५ च्या कायद्याचं कलम ६१ म्हणतं, मदत देताना जातीवरून भेद करायचा नाही. मग भेद झाला का हे विचारायला इतकी लाज कसली?

पोरांनो, उद्या कुठं पूर येईल, दरड येईल. पुन्हा फॉर्म येतील, पुन्हा तुम्हालाच रोजावर बोलावतील. जा. पोट आहे, जायलाच हवं. पण रकाना नसेल तर समासात लिहा. समास नसेल तर पाठीमागं लिहा. मी त्या दिवशी लिहिलं नाही. ते आज लिहितोय.

आजी, घे. हा तुझा रकाना.

जय भीम!