मावळा दरवाजात मावेना

गेल्या दिवाळीत भातसानगरला भाच्याकडे होतो. धरणाच्या वसाहतीतली जुनी क्वार्टर्स, पुढे अंगण आणि अंगणात किल्ला. शहापूर तालुक्यातल्या पोराचा किल्ला म्हणजे माहुलीच, दुसरा कुठला? भाच्याच्या मुलाने विटांच्या तुकड्यांवर गोणपाट टाकून, माती लिंपून, वर अळीव पेरून तो उभा केला होता. महादरवाजा पुठ्ठ्याचा. शहापूरच्या बाजारातून आणलेल्या मावळ्यांतला एक भालदार त्याने दरवाजापुढे धरला आणि विचारलं, "आजोबा, हा आत कसा जाणार?"

मावळा दरवाजापेक्षा बोटभर उंच होता. मागच्या वर्षीचे मावळे खोक्यातून काढले, तर ते करंगळीएवढे. तोफ म्हणावी तर नव्या मावळ्याच्या पावलाएवढी. महाराज सिंहासनावर बसूनही उभ्या पहारेकऱ्यापेक्षा उंच. तेवढं चालतं, महाराज आहेत. पण विहिरीवर पाणी भरणारी बाई बुरुजापेक्षा मोठी झाली, तेव्हा पोराने तिला उचलून पुन्हा खोक्यात टाकलं.

किल्ल्याच्या पायथ्याशी मात्र त्याने काळी रांगोळी घालून रस्ता केला होता. "हा समृद्धी." त्यावर हॉट व्हीलच्या सात-आठ गाड्या. त्यातल्या दोन त्याच्या बापाच्या लहानपणीच्या, रंग उडालेल्या. नव्या-जुन्या सगळ्या एका लेनमध्ये बिनतक्रार उभ्या.

खेळण्यांच्या धंद्यात आपण कंपन्यांच्या लढाया म्हणजे परवान्यांच्या लढाया समजतो. डिस्ने प्रिन्सेसच्या बाहुल्या २०१६ साली मॅटेलकडून हॅस्ब्रोकडे गेल्या आणि २०२३ मध्ये परत मॅटेलकडे आल्या, की आपल्या व्यापाऱ्यांत चर्चा. पण परवाना म्हणजे भाड्याची खोली. मालक कधीही बाहेर काढतो. या कंपन्यांनी स्वतःच्या मालकीचं जे कमावलं ते माप.

१९७७ साली 'स्टार वॉर्स' आला तेव्हा केनर ही कंपनी नाताळपर्यंत बाहुले तयार करू शकली नाही. तिने पुठ्ठ्याचं पाकीट आणि 'बाहुले नंतर मिळतील' असा कागद विकला. गमतीचा भाग सोडा, शहाणपण पुढेच आहे. तोवर अमेरिकेत सैनिक-बाहुला म्हणजे हॅस्ब्रोचा बारा इंची जी. आय. जो. केनरने आपला बाहुला पावणेचार इंचांचा केला. बारा इंची बाहुल्याला बसेल असं विमान कोण विकत घेणार आणि ठेवणार कुठे? पावणेचार इंचीला विमान, तळ, घोडा, सगळं देता येतं. एक बाहुला घेतला की पुढची दहा गिऱ्हाइकं त्याच घरात तयार. हॅस्ब्रोने १९८२ मध्ये मान तुकवून जी. आय. जो त्याच मापात परत आणला. एमआरएफच्या फनस्कूलने तो इथे विकला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या काउंटरवर तो होता. पण त्याची उंची मोजून बघावी असं आपल्याला वाटलं नाही.

लेगोची वीट १९५८ची. तेव्हाची आजच्या विटेवर बसते. हीच कंपनी २००३-०४ मध्ये बुडायला आली, त्याचं एक कारण नको तितके वेगवेगळे भाग. प्रकार बारा हजारांच्या पुढे गेले होते. ते कापत जवळपास निम्म्यावर आणल्यावर गाडी रुळावर आली. आणि हॉट व्हील? १:६४ हे प्रमाण त्यात ढोबळच आहे. ट्रक आणि मोटार दोन्ही एकाच आकाराच्या पाकिटात बसवायची म्हणून ट्रक आवळतात. पण रुळावर सगळ्या धावतात. लिओ मॅटेलच्या नावाने इथे विकलेली गाडी आजच्या रुळावर चालते. खेळातलं खरं प्रमाण ते एवढंच.

आता आपल्याकडे या. दिवाळीचा किल्ला ही महाराष्ट्राची अशी बाजारपेठ आहे की जिच्यात ना मॅटेल आहे ना हॅस्ब्रो. तिला परवाना लागत नाही, जाहिरात लागत नाही, आणि गिऱ्हाईक दर वर्षी स्वतःहून येतं. ते जपून ठेवलेल्या खोक्यात भर घालायला येतं. मोठ्या कंपन्या ज्यासाठी कोट्यवधी ओततात ते आपल्याला आयतं मिळालंय, आणि आपण त्याला दर वर्षी वेगळ्या उंचीचा मावळा देतो.

कुंभारवाड्यातून उत्तर येतं, "तुटतं म्हणून तर पुन्हा घेतात." मला हे पटत नाही. तुटलेला एक मावळा पुन्हा घेतला जातो; न बसणारा घेतला की आई पुढच्या वर्षी म्हणते, आहेत ते पुरे. दुसरी शंका अशी, की माप ठरवलं तर प्रत्येक कारागिराच्या हातची गंमत जाईल. का जावी? मिश्या, पागोटं, रंग, चेहरा ज्याचा त्याचा. ठरवायची फक्त उभ्या मावळ्याची उंची. दरवाजा, तोफ, घोडा, बैलगाडी त्यावरून आपोआप ठरतात.

सरकारने आपल्याला आडोसा दिला. आयात शुल्क २०२० मध्ये २०चं ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. ज्यांनी अजून ओळखपत्र काढलेलं नाही त्यांनी या हंगामाआधी काढावं. तपासणी दारात आल्यावर धावपळ नको. पण आडोशाने फक्त बाहेरचा माल थांबतो. शहापूरचा मावळा आणि पेणचा घोडा एकमेकांशी जुळवणं हे आयुक्तांचं काम नाही.

गणपती उरकले की साचे बाहेर निघतात. त्याआधी एक करा. आपल्या साच्यातून निघणाऱ्या उभ्या मावळ्याची उंची, भाला सोडून, टाचेपासून पागोट्यापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा आणि पोस्टकार्डावर आम्हाला कळवा. विक्रेत्यांनी गेल्या वर्षी उरलेला माल मोजला तरी चालेल. आलेले सगळे आकडे गावांच्या नावांसह पुढच्या अंकात छापू.