भाजीवाली कुठे बसणार?

शनिवार-रविवार मी कोडला हात लावत नाही, त्यामुळे डोकं भलत्याच विषयांत शिरतं. या आठवड्याचा भलता विषय म्हणजे भाजी. ती कशी करायची हा नव्हे (त्याबाबतीत आमच्या घरी माझ्या मताला शून्य किंमत आहे). ती आपल्यापर्यंत पोचते कशी, आणि त्यात महापालिका नावाच्या प्रकरणाचा नेमका संबंध काय, हा.

निमित्त झालं ऑफिसातल्या डब्याच्या वेळच्या गप्पांचं. रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवाल्यांचा विषय निघाला आणि टेबलाचे सरळ दोन तट पडले. एक तट म्हणे, "उचला सगळ्यांना, गाडी चालवायला जागा उरत नाही." दुसरा म्हणे, "गरीब लोक आहेत रे, कशाला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा?" (दोन्ही तटांतली मंडळी संध्याकाळी घरी जाताना त्याच रस्त्यावर गाडी तिरकी लावून कोथिंबीर घेतात, ते सोडून द्या.)

मला दोन्ही मतं पटली नाहीत. कारण दोन्हींत भाजीवाली म्हणजे एक त्रासच आहे. एक म्हणतो त्रास काढून टाका, दुसरा म्हणतो सहन करा. माझं म्हणणं वेगळं आहे. शहरात नळ लागतो, दिवा लागतो, तशी भाजी मिळायची जागा लागते. ती आखून देणं हे पालिकेचं काम आहे. त्यात उपकार नाही की दया नाही.

आता तुम्ही म्हणाल, पालिकेने भाजीचं बघायचं असं कुठे लिहिलंय? मीही तेच शोधत बसलो. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभारासाठी बारावं परिशिष्ट आलं. त्यात १८ विषय आहेत. नगररचना आहे, पाणीपुरवठा आहे, अग्निशमन आहे, स्मशानं आहेत, गुरांचे कोंडवाडे आहेत, कत्तलखाने आहेत. अन्न मात्र स्वतंत्र विषय म्हणून कुठेच नाही. म्हणजे मोकाट गाय कुठे कोंडायची याची सोय आहे, पण माणसाने पालकाची जुडी कुठून आणायची हे ज्याचं त्याने बघावं!

सुदैवाने आपला राज्याचा जुना कायदा जरा शहाणा आहे. महानगरपालिका अधिनियम, मूळचा १९४९ चा. त्यात सार्वजनिक बाजार बांधणं आणि चालवणं हे पालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांमध्ये घातलंय. जमलं तर करू, असं नाही. बंधनकारक.

आणि खरं तर पालिकेच्या हातात दुसरं आहे तरी काय? बाजार समितीचा कायदा राज्याचा. रेशन राज्य आणि केंद्राचं. भेसळ तपासायला अन्न व औषध प्रशासन. पालिका कांदा पिकवत नाही, की त्याचा भाव ठरवत नाही. तिच्याकडे एकच गोष्ट भरपूर आहे, ती म्हणजे जागा. रस्त्याची कड, मैदानाचा कोपरा, विकास आराखड्यातली आरक्षणं, उड्डाणपुलाखालची मोकळी पट्टी. तेव्हा शहराचं अन्नधोरण म्हणजे शेवटी जागेचं धोरण, असं माझं मत झालंय.

आपल्या नाशकाचीच गंमत बघा. दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात संध्याकाळी मेथी-कोथिंबिरीचे लिलाव होतात, भाव शेकड्यावर, म्हणजे १०० जुड्यांवर बोलला जातो. आणि त्यातला बराचसा माल रातोरात मुंबईकडे निघतो. गिरणारे, मखमलाबाद, म्हसरूळ ही भाजी-टोमॅटोची गावं शहराला खेटून आहेत. मुंबईची परसबाग म्हणवून घेणारं हे शहर. पण त्याच शहरातल्या झोपडपट्टीत राहणाऱ्या बाईला ताजी भाजी घ्यायला रिक्षा करावी लागत असेल, नाहीतर दारावर आलेला उरलासुरला माल निवडावा लागत असेल, तर अडचण शेतात नाही. अडचण शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये आहे.

इंजिनियर माणूस, आकडेमोड केल्याशिवाय जेवण पचत नाही. तर हा एक ढोबळ हिशोब. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणसाने रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खाव्यात (बटाटा त्यात धरत नाहीत, सॉरी). २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या होती १४ लाख ८६ हजार. तान्ही बाळं वगैरे बारकावे सोडून द्या. गुणाकार केला की रोजचे जवळजवळ ६०० टन होतात. समजा एक विक्रेता दिवसाला १०० किलो माल विकतो. मग ६,००० विक्रेते लागतील. आणि ही २०११ ची लोकसंख्या, शहर तिथे थांबलेलं नाही.

हे ६,००० जण बसणार कुठे? मॉलमध्ये? मोबाइलच्या ॲपमध्ये? ॲपवरून भाजी मी पण मागवतो, सोय आहे, नाकारत नाही. पण ॲपला दहा रुपयांची मेथी विकणं परवडत नाही. आणि ज्या घरात रोजच्या मजुरीतून रोजची भाजी येते, त्या घराचा ग्राहक म्हणून विचार त्या ॲपच्या गणितात बसत नाही. हातावर पोट असलेल्यांना चालत जाता येईल असा बाजार लागतो.

मग बांधा की मंडई! असं वाटतं ना? इथे नाशिककरांना पंचवटीतली गणेशवाडी आठवेल. पालिकेने तिथे भाजी मंडई बांधली. चांगली पक्की इमारत. आणि ती वर्षानुवर्षं धूळ खात पडली, कारण विक्रेते गोदाघाटावर आणि रस्त्यावरच बसत राहिले. वर्तमानपत्रांनी विक्रेत्यांना हटवादी म्हटलं, विक्रेत्यांनी पालिकेला दोष दिला. मला यात हट्ट दिसत नाही. भाजीवाली तिथेच बसते जिथून गिऱ्हाइकाचे पाय जातात. घाटावर देवदर्शनाला आलेला माणूस, बुधवारच्या बाजाराला आलेला माणूस, बस पकडायला निघालेला माणूस, हा सगळा तिचा धंदा. तिला वीस पावलं आत, चार पायऱ्या वर नेलं की संध्याकाळी टोपली भरलेलीच परत न्यावी लागते. आमच्या धंद्यात याला युजरला न विचारता सॉफ्टवेअर बनवणं म्हणतात. डेमोला छान दिसतं, वापरत कोणी नाही.

पण म्हणून घाटावरच बसू द्या, असंही माझं म्हणणं नाही. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला, तेव्हा दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं हे सारं नाशिक बघत होतं. त्या पाण्याच्या वाटेत पथारी असणं हे काही सुख नव्हे. पर्यायी जागा हवीच, फक्त ती पायांच्या वाटेवर हवी. आणि ती ठरवताना बसणारीला विचारायला हवं.

हे विचारायचं कसं, त्याचा कायदा २०१४ पासून आहे: पथविक्रेता अधिनियम. फार लोकांनी वाचलेला नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

शहरात एक नगर पथविक्रेता समिती असावी, अध्यक्ष महापालिका आयुक्त. तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण. पहिलं सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत जुन्या विक्रेत्यांना उठवायचं नाही. हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यायचे. नाशिकच्या २०११ च्या आकड्यावर हे होतात सुमारे ३७ हजार. माझ्या हिशोबातले ६,००० भाजीवाले त्यात आरामात बसतात, वर चपला शिवणारे, चहावाले, फुलंवालेही.

आणि माझं सगळ्यात आवडतं कलम: जप्त केलेला माल नाशवंत असेल, तर विक्रेत्याने मागितल्याच्या दिवशीच परत करायचा. कायदा लिहिणाऱ्या कुणाला तरी कळलं होतं की टोमॅटो तारखेची वाट बघत नाहीत! कुठल्याही शहरात अतिक्रमणाची गाडी भाजीची पाटी उचलून नेते, तेव्हा त्या पाटीत बाईचं त्या दिवसाचं सगळं भांडवल असतं. पहाटे उसने घेतलेले पैसेही बहुधा त्यातच. दंड भरायला परवा या, असं म्हटलं की दंडाची गरजच उरत नाही.

आता गर्दीचा मुद्दा. तो खोटा नाही. रुग्णवाहिका अडकते, म्हाताऱ्या माणसाला फुटपाथ मिळत नाही. पण गर्दी होते कशाने? मार्च २०२१ च्या अखेरीला कोरोनाची दुसरी लाट होती. तेव्हा नाशकात बाजारात शिरायला माणशी पाच रुपयांची पावती लावली होती, आठवतंय? तासाभरात बाहेर पडायचं, नाहीतर ५०० रुपये दंड. देशभर बातमी झाली. संकटाचा काळ होता, हेतूवर मी बोलत नाही. पण त्या पावतीने एक गोष्ट उघडी पाडली. सगळं शहर मोजक्या बाजारांवर अवलंबून आहे, आणि लोड वाढला की आपल्याला दार आवळण्यापलीकडे काही सुचत नाही. कुठलाही सिस्टिम ॲडमिन सांगेल, अशा वेळी सर्व्हर वाढवायचे असतात. प्रत्येक प्रभागात चार छोटे बाजार असतील, तर एकाच रस्त्याचा जीव घुसमटणार नाही. ज्यांना रस्ता मोकळा हवाय, त्यांनी खरं तर सगळ्यात मोठ्याने जास्त बाजार मागायला हवेत.

हे सगळं स्वप्नरंजन वाटत असेल तर ब्राझीलमधल्या बेलो होरिझोन्ते शहराकडे बघा. वस्ती आपल्यापेक्षा मोठी, साधारण २५ लाखांच्या आसपास. १९९३ मध्ये पात्रुस अनानियास नावाचे महापौर आले आणि त्यांनी जाहीर केलं की अन्न हा नागरिकाचा हक्क आहे, आणि बाजारातून ज्याला ते मिळत नाही त्याची जबाबदारी शहराची. पालिकेत त्यासाठी वेगळा विभाग काढला. स्वस्त जेवणाची भोजनालयं काढली, जिथे कामगारही जेवतो आणि बँकेतला साहेबही. पण मला भावली ती त्यांची जागेची युक्ती. पालिकेने मोक्याच्या जागा विक्रेत्यांना दिल्या, पण अटीवर: ठराविक भाज्या-फळं पालिकेने बांधलेल्या दरात विकायची, आणि शनिवार-रविवारी गाडी घेऊन गरीब वस्तीत जायचं. बाकीचा माल आपल्या भावाने विका, कुणाची हरकत नाही. पालिकेच्या तिजोरीवर फार मोठा भार नाही. मोक्याची जागा हेच चलन.

आता हेच इथे आणून बघा. कॉलेज रोडला किंवा गंगापूर रोडला आखीव, कायमची, कुणी न उठवणारी जागा मिळणार असेल, तर त्या बदल्यात आठवड्यातून दोन दिवस एखाद्या वस्तीत ठरल्या भावाने भाजी विकायला कितीतरी जण आनंदाने तयार होतील. शेतकऱ्यांच्या गटांनाही हेच लागू. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांची योजना आणली. म्हणजे गिरणाऱ्याच्या शेतकऱ्याला थेट शहरात विकायला कायद्याची आडकाठी नाही. पण परवानगी काही अंथरून बसता येत नाही, त्यासाठी जमीन लागते. आणि ती कायमची लागते, दर वेळी नव्याने अर्ज करून मिळणारी नव्हे.

तर माझ्या मागण्या अशा. प्रत्येक प्रभागाच्या नकाशावर भाजीच्या जागा दाखवा, आणि जिथे आज लोक बसतात तिथून सुरुवात करा. शक्य असेल तिथे तीच जागा पट्टे मारून पक्की करा. तिथे सावली, पिण्याचं पाणी, दिवा आणि बायकांसाठी स्वच्छतागृह द्या. दहा-दहा तास बसणारी बाई पाणी न पिता बसते, कारण नंतर जायची सोय नाही. आपल्याला आरोग्यदायी अन्न देणारीच्या आरोग्याचं एवढं तरी बघू. जप्त मालाची नोंद रोजच्या रोज पालिकेच्या संकेतस्थळावर टाका: काय उचललं, केव्हा परत दिलं. (दोन टेबलं आणि एक फॉर्म, एवढंच काम आहे. फुकट करून देतो.) आणि मोक्याच्या जागेच्या बदल्यात वस्तीत फेरी, हा सौदा एका प्रभागात तरी करून बघा.

सिंहस्थ आला की या शहरात घाट आणि रस्ते नव्याने आखले जातात. २०१५ ला आखले गेले, २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या नकाशातही आखलेले असणार. त्यात गाड्या कुठे लावायच्या याचे चौकोन नक्की असतात. भाजीच्या पाटीचा चौकोन जेमतेम चार फुटांचा, तो तेवढा राहून जातो.

तुमच्या भागात नगरसेवक मतं मागायला येतील, तेव्हा पाणी, रस्ता, गटार विचाराच. पण चौथा प्रश्न म्हणून हेही विचारा: "आमच्या प्रभागात भाजीवाली कुठे बसणार?" उत्तर म्हणून नकाशावर बोट ठेवता आलं, तर त्यांनी विचार केलाय असं समजा.